नावाविना गेलेली स्थळे

श्रीवर्धनच्या जीवना बंदरात आजही मासेमारीच्या होड्या लागतात; तेथे 'बंदर' हा फारसीतून आलेला शब्द डोळ्यांसमोरच्या वस्तूचा वाचक आहे. मुंबईत कुलाब्याच्या आर्थर बंदर रोडवर तो केवळ नावापुरता उरला. रस्त्याचे अधिकृत नावही बदलले, तरी लोकांच्या बोलण्यातून 'बंदर' गेले नाही. स्थलनाम वस्तूहून दीर्घायुषी असते, हा सामान्य नियम होय. त्याचा अपवाद त्याच रस्त्यावर सापडतो.

तेथे 'वूडू' नावाचे मद्यगृह होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस व पुढे काही वर्षे शनिवारच्या रात्री ते समलिंगी पुरुषांचे भेटीचे ठिकाण बनत असे. एरवी ते इतरांसारखेच मद्यगृह. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथील अधिकरण स्थलवाचक नसून कालवाचक होते. अशा स्थळास पाटी नसते, नकाशात त्याची नोंदही होत नाही. त्यातच दंडसंहितेचे कलम ३७७ डोक्यावर होते. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये निरस्त केले. मद्यगृह बंद पडले तेव्हा इमारत राहिली, शनिवार तेवढा गेला.

म्हणून अशा स्थळांचा पुरावा आत्मकथनातच शोधावा लागतो. परमेश शहाणी यांच्या 'गे बॉम्बे' (२००८) या इंग्रजी ग्रंथात समाजाभ्यास आणि आत्मकथन एकत्र आले आहे. संशोधनात 'मी' नसावा, असा आपल्याकडील दंडक आहे. तथापि येथे 'मी' गाळल्यास पुरावाच गळतो, हे दंडक सांगणारे सहसा लक्षात घेत नाहीत.

या साधनाची मर्यादाही आहे. मद्यगृहात जाण्यास पैसे लागत. ज्यांच्यापाशी ते नव्हते त्यांची स्थळे म्हणजे बागा आणि रेल्वे स्थानकांतील स्वच्छतागृहे. त्यांची आत्मकथने विरळा. आर. राज राव यांच्या 'द बॉयफ्रेंड' (२००३) या कादंबरीत चर्चगेट स्थानक येते, पण ती कादंबरी आहे. पुढे ओळखी मोबाइलवरच होऊ लागल्या, तशी ही स्थळेही ओसरली.

मराठीने या विषयास एक शब्द मात्र नेटका दिला. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी स्थापिलेल्या संस्थेचे नाव 'समपथिक'. 'समलिंगी'तील लिंग त्यातून वगळले गेले आणि वाट आली. श्रीवर्धनहून नोकरीसाठी मुंबईस गेलेला एखादा चाकरमानी शनिवारच्या त्या जागेविषयी घरी काय लिहीत असेल? बहुधा एवढेच, की सुटीचा दिवस बरा गेला.