जॅमर, क्रेन आणि दंडाचा न्याय



या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, इतिहासावर, अर्थकारणावर विद्वान मंडळी बोलून गेली. मी शाळा आठवीत सोडली. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या गेटवर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तेव्हा माझा विषयही रस्त्यावरचाच आहे. नो पार्किंगमध्ये उभी केलेली गाडी उचलून नेतात किंवा तिच्या चाकाला जॅमर लावतात. हे न्यायाने होते काय, आणि न्यायाने व्हायचे तर काय काय लागते, एवढेच मला सांगायचे आहे.

मी या विषयात पडलो तो एका टेम्पोवाल्यामुळे. तो आमच्या संघटनेचा सभासद. छोटा टेम्पो, त्यावर कर्जाचा हप्ता चालू. एका दुकानासमोर गाडी लावून तो फरशीची खोकी आत पोचवीत होता. परत येऊन पाहतो तो चाकाला जॅमर. सम-विषम तारखेची पाटी होती, पण झाडाच्या फांदीआड. दंड भरायला तो तयार होता. परंतु जॅमर काढणारा माणूस यायला संध्याकाळ झाली. दंड पाचशे, आणि बुडालेल्या फेऱ्यांचे भाडे त्याहून अधिक. रात्री युनियनच्या ऑफिसात येऊन तो मला म्हणाला, "भाऊ, दंड समजला. पण गाडी तिथंच बांधून ठेवली, तर रस्ता मोकळा कसा झाला?" मला उत्तर देता येईना, म्हणून मी वाचू लागलो.

आधी दुसरी बाजू सांगतो, कारण ती आपल्या गावात फारसे कोणी सांगत नाही. रस्ता सर्वांचा आहे, आणि या सभागृहात बसलेल्यांपैकी पुष्कळजण पायी किंवा बसने आले असतील. मोटार फुटपाथवर चढली की म्हातारी आजी नातवाला घेऊन भर वाहतुकीत उतरते. चौकाच्या तोंडाशी एक गाडी उभी राहिली की बसमधली पन्नास माणसे अडतात. रुग्णवाहिकेची तर गोष्टच सोडा. आमचे टेम्पोवाले आणि रिक्षावालेही यात धुतल्या तांदळासारखे नाहीत, हे मी त्यांच्या सभेत त्यांना तोंडावर सांगितले आहे. तेव्हा दंड नको असे माझे म्हणणे नाही. वाट अडवणारी गाडी उचललीच पाहिजे.

पण उचलणे वेगळे आणि जखडणे वेगळे. क्रेनने गाडी नेली की वाट मोकळी होते. जॅमर लावला की दहा मिनिटांत गेली असती ती गाडी दिवसभर तिथेच राहते. मग हे यंत्र निघाले कशासाठी? ते अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात निघाले. फ्रँक मॅरग नावाचा एक गृहस्थ, धंद्याने ओतकामाचे साचे करणारा कारागीर, आणि शहराच्या सिंफनी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारा. (साचे करणारा माणूस संध्याकाळी व्हायोलिन वाजवी, हे वाचून मला फार बरे वाटले. आपल्याकडे पॅटर्नमेकरला संध्याकाळ उरतच नाही.) तिथले पोलीस दंड न भरणाऱ्यांच्या गाड्या ओढून आवारात नेत, मग मालक येऊन गाडीतल्या वस्तू गेल्याची तक्रार करीत आणि ती भरपाई शहराच्या अंगावर येई. यावर मॅरगने चाक जखडणारा लोखंडी बूट करून दिला. १९५५ साली तो वापरात आला, १९५८ साली त्याचे पेटंट मिळाले. म्हणजे जन्मापासूनच जॅमर हे रस्ता मोकळा करण्याचे साधन नव्हते. ते थकबाकी वसूल करण्याचे साधन होते. टेम्पोवाल्याच्या प्रश्नाचे उत्तर हे असे सत्तर वर्षांपूर्वीचे आहे.

आपल्याकडे याला आधार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ चा. गाडी सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक बेवारस पडली असेल, किंवा मनाई असलेल्या जागी उभी असेल, तर ती उचलण्याची किंवा चाक जखडण्याची परवानगी त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. गणवेशातला हा शब्द ध्यानात ठेवा. सोसायटीचा सेक्रेटरी किंवा दुकानाचा वॉचमन यांचा त्या कलमात उल्लेख नाही. उचलण्याचा खर्च मालकाचा, आणि दंड त्याशिवाय. सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड पूर्वी शंभर रुपयांपर्यंत होता; २०१९ च्या दुरुस्तीने तो पाचशेपर्यंत गेला, आणि पुन्हा तोच गुन्हा केला तर दीड हजारापर्यंत. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई महापालिकेने आपल्या वाहनतळांच्या आसपास बेकायदा गाडी लावणाऱ्यांना पाच हजारांपासून तेवीस हजारांपर्यंत दंड लावला होता.

आता मी माझ्या घरच्या अंगणात येतो, म्हणजे कारखान्यात. दंड हा प्रकार कामगाराला नवा नाही. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत खराब निघालेले कापड विणकराच्याच गळ्यात मारीत आणि त्याची किंमत पगारातून कापीत. उशिरा आला, दंड. उलट बोलला, दंड. यावर पुष्कळ झगडे झाले आणि १९३६ साली वेतन देण्यासंबंधीचा कायदा झाला. त्यातले दंडाचे कलम मी कित्येक मॅनेजरांच्या टेबलावर उघडून ठेवले आहे. कोणत्या चुकीला दंड होतो याची यादी सरकारने मंजूर केलेली असावी आणि ती कामाच्या जागी सर्वांना दिसेल अशी लावावी. दंडापूर्वी कामगाराला आपले म्हणणे मांडू द्यावे. दंडाला कमाल मर्यादा असावी, आणि ती पगाराच्या मानाने. पूर्वी रुपयामागे अर्धा आणा होती, पुढे शेकडा तीन झाली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जमलेल्या दंडाची नोंदवही ठेवावी, व तो पैसा कामगारांच्याच हितासाठी खर्च करावा. मालकाच्या खिशात जाता कामा नये. २०१९ च्या वेतन संहितेतही या अटी घेतलेल्या आहेत.

ही शेवटची अट घालणारा माणूस शहाणा होता. दंडातून दंड करणाराचा फायदा होऊ लागला की चुका कमी व्हाव्यात अशी त्याची इच्छाच राहत नाही.

या चार अटी घेऊन रस्त्यावर जा आणि पाहा. पाटी दिसते काय? पुसट झालेली, फ्लेक्समागे गेलेली किंवा फांदीत अडकलेली. म्हणणे मांडायला मिळते काय? गाडी उचलल्यावर आधी पैसे भरा, मग गाडी न्या. बोलायचे ते नंतर, आणि नंतर बोलायला रोजंदारीच्या माणसाला दिवस कुठला? उचलण्यापूर्वी कर्ण्यावरून नंबर पुकारावा असे सांगतात, ती एक बरी रीत आहे, पाळली तर. मर्यादा पाहा. महिना पंधरा हजार मिळवणाऱ्या कामगाराला त्याचा मालक महिन्याभराच्या सगळ्या चुका मिळून साडेचारशे रुपयांहून अधिक दंड करू शकत नाही. रस्त्यावर एका दुपारी पाचशे जातात, वर क्रेनचा आकार निराळा. पन्नास लाखांच्या मोटारीलाही तेच पाचशे. त्या मालकाला तो दंड नव्हे. जागेचे भाडे आहे, आणि स्वस्त आहे.

उरला पैसा कोणाला मिळतो हा मुद्दा. टोइंगचे काम जिथे ठेकेदाराकडे असते आणि त्याला उचललेल्या गाडीमागे पैसे मिळतात, तिथे काय होते हे पीसरेटवर काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. नग वाढले पाहिजेत. मग चौकाच्या तोंडाशी आडवी लावलेली जड मोटार सोडून गल्लीतल्या हलक्या मोटरसायकली आधी उचलल्या जातात, कारण त्या दोन पोरे हातांनी चढवतात. त्या पोरांचाही राग करू नका. तीही ठेक्यावरचीच, लोकांच्या शिव्या ती खातात आणि नगाचा पैसा दुसरीकडे जातो. घाईत काय होते तेही पाहिले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला एक बाई तान्ह्या मुलाला पाजत मोटारीत बसली होती, तशीच मोटार ओढून नेली. चित्रण लोकांपुढे आले आणि एक पोलीस निलंबित झाला. पोलीस निलंबित झाला, पद्धत नाही.

ही पद्धत पुढे कुठे जाते ते अमेरिकेच्या शिकागो शहरात दिसले. तिथे मोटारीवर शहराचे वार्षिक स्टिकर लागते. ते नसल्याचा दंड २०१२ साली १२० डॉलरवरून २०० केला. वेळेत न भरला तर तो दुप्पट होई, वर वसुलीचा आकार, म्हणजे ४८८ डॉलर. तीन दंड थकले की बूट, आणि चोवीस तासांत सोडवला नाही की मोटार शहराच्या आवारात. मोटार गेली की कामावर जाणे बंद, काम गेले की दंड भरणे बंद. हजारो लोक या थकबाकीपायी दिवाळे काढायला न्यायालयात गेले, आणि त्यांत काळ्या लोकांच्या वस्त्यांतले फार होते, हे २०१८ साली पत्रकारांनी उघड केले. २०१९ मध्ये शहराने ते दुपटीचे प्रकरण आवरले. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र, दिवाळ्याचा अर्ज झाल्यावरही शहराने मोटार नुसती अडकवून ठेवणे हा कायद्यातल्या त्या विशिष्ट कलमाचा भंग नाही, असे ठरवले. निकालाला सहमती देतानाच न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी लिहिले की शहराचे धोरण कायद्याच्या अक्षराला धरून असले तरी त्याच्या भावनेला धरून नाही.

आमच्या टेम्पोवाल्याचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. आम्ही अर्ज केला. मालाची चढउतार करायला सकाळचे दोन तास राखून ठेवावेत. पैसे भरल्यावर जॅमर किती वेळात निघेल हे पावतीवर छापावे. आणि उचललेल्या गाड्यांचा व जमलेल्या पैशांचा हिशेब दर महिन्याला चौकीबाहेर लावावा. पहिली मागणी विचाराधीन आहे असे लेखी कळले. बाकी दोहोंना उत्तर नाही. ती फांदी मात्र आठवड्याच्या आत तोडली.