हलत्या चित्रफितीचे स्थिरीकरण

2017 मध्ये ‘दीक्षा’ हे शैक्षणिक व्यासपीठ सुरू झाले आणि पुढे पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड छापले जाऊ लागले, तेव्हापासून पाठाचे चित्रीकरण ही गोष्ट ग्रामीण शिक्षकाच्या कामाचाच एक भाग होऊन बसली आहे. 2020 साली शाळा बंद पडल्या, त्या वेळी तर ज्यांनी पूर्वी कधी कॅमेरा हाती धरला नव्हता, अशा शिक्षक-शिक्षिकांनीही स्वतःच्या मोबाइलवर पाठ चित्रित केले. त्या चित्रफितींत बहुधा पाठ चांगला असतो, आवाजही स्पष्ट असतो. परंतु चित्र सारखे हलत असते. प्रौढ माणूस ते सोसून घेतो. पहिलीतील मुलाचे तसे नाही. ‘ळ’ हे अक्षर कोठून सुरू होते व कोठे वळते, हे त्याला खडूच्या टोकाकडे पाहूनच कळावयाचे असते. त्यातून घरी अहिराणी बोलणारे किंवा सातपुड्याच्या पायथ्याचे पावरी बोलणारे मूल असेल, तर शब्दांपेक्षा हात आणि ओठ यांच्या हालचालींवर त्याची भिस्त अधिक असते. तेच जर थरथरत असेल, तर त्या मुलाच्या पदरी काय पडणार?

चित्र हलते म्हणजे नेमके काय होते, हे प्रथम पाहिले पाहिजे. चित्रफीत ही मुळात स्थिर चित्रांची माळ असते. मोबाइल सामान्यतः एका सेकंदात अशी 30 चित्रे घेतो. प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात. धरणाऱ्याचा हात श्वासाबरोबर वरखाली होतो, तो चालू लागला की प्रत्येक पावलागणिक धक्का बसतो, आणि मनगट किंचित वळले की सबंध चित्र तिरपे होते. फळा जागचा हललेला नसतो. पण एका फ्रेममध्ये त्याचा कोपरा जेथे असतो, तेथे तो पुढच्या फ्रेममध्ये नसतो.

संगणकास ही गोष्ट मोजता येते. स्थिरीकरणाचा कार्यक्रम पहिल्या फ्रेममधील लहान लहान चौकोनी तुकडे निवडतो. गुळगुळीत पांढऱ्या भिंतीचा तुकडा त्याच्या उपयोगाचा नाही, कारण तो कोठेही ठेवला तरी सारखाच दिसतो. फळ्याचा कोपरा, खिडकीचा गज, अक्षराची कडा असे ठळक भेद असलेले तुकडे त्यास लागतात. यातील प्रत्येक तुकडा पुढील फ्रेममध्ये कोठे सरकला, हे तो शोधतो. बहुसंख्य तुकडे ज्या दिशेने सरकले, तेवढी कॅमेऱ्याची हालचाल झाली असे तो धरतो; जे थोडे तुकडे निराळीकडे गेले, त्यांत शिक्षकाचा हात किंवा मध्येच उठलेला विद्यार्थी असावा असे मानून ते सोडून देतो. एका परीने हे बहुमताने दिलेले उत्तर होय, आणि बहुमत चुकले म्हणजे काय होते ते पुढे येईलच.

हालचाल कळली, तरी ती समूळ नाहीशी करावयाची नसते. शिक्षक कॅमेरा फळ्यावरून मुलांकडे मुद्दाम वळवितो. ते वळणे राहिले पाहिजे, त्यातील हिसके मात्र जावयास हवेत. यासाठी जी युक्ती योजतात, ती वरच्या वर्गातील मुलांनाही सांगता येण्याजोगी आहे, कारण ती साध्या सरासरीची आहे. समजा, लागोपाठच्या पाच फ्रेममध्ये फळ्याचा कोपरा डाव्या कडेपासून 40, 46, 41, 48 व 45 बिंदूंवर आहे. या पाचांची बेरीज 220 आणि सरासरी 44. मधली, म्हणजे तिसरी फ्रेम 41 वर आहे. तिला 3 बिंदू उजवीकडे सरकविले की ती सरासरीच्या जागी येते. मग एक फ्रेम पुढे जाऊन पुन्हा पाचांची सरासरी घ्यावयाची. असे करीत गेले असता खडबडीत मार्गाच्या ठिकाणी एक सौम्य मार्ग तयार होतो. प्रत्यक्षात आडवे, उभे व तिरपे अशा तिन्ही हालचालींचे गणित असेच मांडले जाते, आणि सरासरी पाचांहून पुष्कळ अधिक फ्रेमची घेतात.

फ्रेम सरकविली की एका कडेला काळी पट्टी उघडी पडते, हे ओघानेच आले. ती झाकण्यासाठी चित्र थोडे मोठे करावे लागते आणि कडेचा भाग कापला जातो. 1920 बाय 1080 बिंदूंचे चित्र दहा टक्के मोठे केले, तर मूळ चित्रातील सुमारे 1745 बाय 982 बिंदूच दिसतात. क्षेत्रफळाने सहाव्या हिश्श्याहून थोडे अधिक चित्र गेले. फळ्याच्या अगदी कडेला लिहिलेली बेरजेची ओळ त्यात गेली, तर स्थिर झालेल्या चित्राचा उपयोग काय? म्हणून चित्रीकरण करतानाच चारी बाजूंस बोटभर मोकळी जागा सोडण्याची सवय लावून घ्यावी.

हे काम करणारी साधने बहुतेक फुकट मिळतात. संकलनाच्या मोठ्या कार्यक्रमास जोडावयाच्या लहान पूरक कार्यक्रमास प्लगइन म्हणतात. व्हर्च्युअलडब या विंडोजवरील कार्यक्रमासाठी गुन्नार थालीन यांनी केलेले ‘डीशेकर’ हे प्लगइन या क्षेत्रातील जुने व नावाजलेले साधन होय. उघड्या पडलेल्या कडा मागच्या-पुढच्या फ्रेममधील चित्राने भरून काढण्याची सोय त्यात आहे. जर्मनीतील गेओर्ग मार्टियस यांचे ‘विडस्टॅब’ हे त्याच जातीचे. ते एफएफएमपेग या कार्यक्रमातून चालते, आणि केडेनलाइव्ह व शॉटकट या मोफत संकलन-कार्यक्रमांतही तेच आतून काम करते. ज्यांना आज्ञा टंकलिखित करण्याचा कंटाळा आहे, त्यांनी शॉटकटमधील स्थिरीकरणाचा फिल्टर निवडून कळ दाबली तरी पुरे.

तथापि चाळीस-पन्नास चित्रफिती साठल्या असतील, तर एकेकीवर कळ दाबीत बसण्यापेक्षा स्क्रिप्ट बरी. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने ओळीने करावयाच्या आज्ञांची साधी यादी. विडस्टॅबचे काम दोन फेऱ्यांत चालते. पहिल्या फेरीत तो हालचाल मोजून तिची नोंद एका निराळ्या फाइलमध्ये करतो. दुसऱ्या फेरीत ती नोंद वाचून फ्रेम सरकवितो. स्क्रिप्टने फोल्डरमधील प्रत्येक चित्रफीत घ्यावी, दोन्ही फेऱ्या कराव्यात, आवाज जसाच्या तसा उतरवावा आणि पुढच्या चित्रफितीकडे जावे. शाळेतील एकुलता एक संगणक सायंकाळी हे काम लावून सोडला, की सकाळी काम झालेले असते. मध्येच वीज गेली, तरी ज्यांची पहिली फेरी पुरी झाली त्यांच्या नोंदी शाबूत राहतात.

येथे एक चूक हमखास घडते. नोंदीच्या फाइलला वेगळे नाव दिले नाही, तर विडस्टॅब दर वेळी एकच ठरीव नाव वापरतो. सर्व चित्रफितींची पहिली फेरी आधी उरकून घेतली, तर प्रत्येक नवी नोंद जुनीवर लिहिली जाते, आणि दुसऱ्या फेरीत सर्व पाठ शेवटच्या पाठाच्या नोंदीनुसार सरकतात. चित्र स्थिर होण्याऐवजी पूर्वीपेक्षा अधिक हलू लागते, आणि करणारा मात्र प्लगइनला दोष देतो. नोंदीस चित्रफितीचेच नाव देण्याची तजवीज स्क्रिप्टमध्ये केली म्हणजे हा घोटाळा टळतो.

आकड्यांपैकी ‘स्मूदिंग’ हा एक नीट समजून घेतला तरी बहुतेक काम भागते. त्याची दुप्पट अधिक एक, इतक्या फ्रेमची सरासरी घेतली जाते. आकडा 10 असेल, तर 21 फ्रेम. चालणारा माणूस सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो, म्हणजे एका पावलास 15 फ्रेम होतात. 21 फ्रेमच्या सरासरीत एकाच पावलाहून थोडे अधिक सामावते, म्हणून धक्का काही प्रमाणात उरतो. आकडा 30 केला की 61 फ्रेम, म्हणजे चार पावले सरासरीत येतात आणि चाल बरीच मऊ होते. टेबलावरील विज्ञानप्रयोगासाठी ‘ट्रायपॉड’ नावाची निराळी आज्ञा आहे. तिने सर्व फ्रेम एकाच फ्रेमशी जुळविल्या जातात.

आता बहुमत चुकण्याची गोष्ट. आखाजीला माहेरी आलेल्या मुली निंबाला झोके बांधतात. असा झोका जवळून चित्रित केला आणि झोका व मुलगी यांनीच बहुतेक फ्रेम व्यापली, तर अधिकांश तुकडे झोक्याबरोबर हलतात. स्मूदिंगचा आकडा मोठा असेल, तर संगणक झोक्याची गती कॅमेऱ्याचीच समजून ती काढून टाकू लागतो. झोका मंदावतो, आणि मागे निंबाचे खोड झोके घेऊ लागते! उपाय एवढाच की, चार पावले मागे सरून झाड, घर, जमीन असा न हलणारा भाग फ्रेममध्ये पुरेसा घ्यावा. दुसरी मर्यादा अंधाऱ्या खोलीची. प्रकाश अपुरा असला की हललेल्या फ्रेममध्ये अक्षरे फासटून येतात. फ्रेम जागेवर आणली तरी फासटलेले अक्षर पुन्हा सुवाच्य होत नाही. एस.टी.च्या खिडकीतून घेतलेल्या चित्रात तारेचे खांब वाकडे दिसतात, त्याचे कारण आणखी निराळे. मोबाइलचा कॅमेरा वरून खाली एकेक ओळ वाचतो, आणि शेवटची ओळ वाचेपर्यंत खांब सरकलेला असतो. सबंध फ्रेम सरकवून तो सरळ होत नाही. डीशेकरमध्ये त्यासाठी वेगळी दुरुस्ती आहे, पण ती सर्वत्र साधेलच असे नाही.

या मर्यादा ध्यानात घेता, कॅमेरा मुळातच कमी हलेल अशी योजना करणे केव्हाही श्रेयस्कर. धुळ्याच्या शेजारच्या मालेगावात शेख नासिर यांनी 2000 च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ काढला, तेव्हा मोठ्या चित्रसंस्थांची उपकरणे त्यांच्यापाशी नव्हती. मालेगावच्या या मंडळींनी सरकत्या चित्रणासाठी सायकल आणि उंचावरून खाली येणाऱ्या चित्रणासाठी बैलगाडी वापरली. फैजा अहमद खान यांच्या 2008 मधील ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात त्यांची ही धडपड पाहावयास मिळते. शाळेत तर इतकेही लागत नाही. स्टुलावर वाळूची पिशवी ठेवून तीत मोबाइल रोवला, तर फळ्यावरचा पाठ अचल येतो.

त्यामुळे फळ्यावरचा पाठ हलला असेल, तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्रित करणे हेच सोपे, आणि बहुधा तो पाठही अधिक चांगला होतो. स्थिरीकरणाचे श्रम जे पुन्हा मिळणार नाही त्यासाठी राखून ठेवावेत: कानबाईच्या रात्री गाणी म्हणणारी गावातील वृद्ध आजी, पुरात वाहणारी अनेर, स्नेहसंमेलनात प्रथमच धीटपणे बोललेली मुलगी. अशा चित्रफितीवर आधी स्मूदिंग 10, मग 30 असे दोन प्रयोग करून दोन्ही पाहाव्यात. चित्र मोठे केल्याने आलेला मऊपणा घालविण्यासाठी धार देणारा फिल्टर हलक्या हाताने लावावा. स्थिर चित्रफितीचा आणखी एक लाभ असा की, लागोपाठच्या फ्रेममध्ये साम्य वाढल्यामुळे तितक्याच दर्जाची फाइल बहुधा लहान होते, व ती पालकांच्या मोबाइलवर थोड्या डेटात उतरते.

मूळ चित्रफीत मात्र पुसू नये. प्रत्येक फेरसंकलनात चित्राचा दर्जा थोडा घटतो, आणि आज न सुधारलेली फ्रेम उद्याच्या एखाद्या प्लगइनने सुधारू शकते. मूळ फाइल, तिची हालचालीची नोंद आणि तयार चित्रफीत या तिन्हींना एकच नाव व चित्रीकरणाचा दिनांक देऊन त्या शाळेच्या पेनड्राइव्हवर ठेवाव्यात, आणि बदली होईल त्या वेळी तो पेनड्राइव्ह दप्तराबरोबर पुढील शिक्षकाच्या स्वाधीन करावा.