जुनी ओम्नी : घेण्यापूर्वीं आणि घेतल्यानंतर

एकत्र कुटुंबास वाहन घेतांना डौलाचा प्रश्न दुय्यम असतो. माणसें किती बसतील आणि खर्च कोणाच्या मिळकतींतून निघेल, हे दोन प्रश्न मुख्य. वडीलधारी मंडळी, दोघे भाऊ, सुना व मुलें अशीं सात-आठ माणसें एका वेळीं लग्नकार्यास न्यावयाचीं असलीं, म्हणजे लहान मोटार अपुरी पडते आणि नव्या मोठ्या मोटारीची किंमत ऐकून घरांतील चर्चा तेथेंच संपते. अशा घरांची दृष्टि जुन्या बाजारांतील मारुति ओम्नीकडे वळल्यास नवल नाहीं. म्हणून या वाहनाच्या नेहमींच्या दुखण्यांविषयीं व त्यांच्या खर्चाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही गाडी १९८४ सालीं ‘मारुति व्हॅन’ या नांवानें बाजारांत आली. १९८८ सालीं तिचें ‘ओम्नी’ असें नामकरण झालें आणि अपघातापासून रक्षणाचे नवे नियम पाळणें तिच्या जुन्या बांधणीस शक्य नसल्यामुळें २०१९ सालीं तिचें उत्पादन बंद पडलें. तिचें इंजिन तीन सिलिंडरांचें व ७९६ घन सेंटिमीटरांचें असून तें पुढील आसनांच्या खालीं बसविलेलें असतें. शक्ति मात्र लांब दांड्यानें मागील चाकांस पोंचते. ही रचना ध्यानांत ठेविली, तर तिच्या निम्म्या तक्रारींचें मूळ आपोआप उमगतें.

शितावरून भाताची परीक्षा करावी, हा स्थालीपुलाकन्याय जुन्या गाडीस लागू पडत नाहीं. रंग चकचकीत असला म्हणून तळ शाबूत असतो असें नव्हे. प्रत्येक अवयव निरनिराळा पाहावा लागतो. दोषांचे आम्ही तीन वर्ग करतों : जिवाशीं गांठ घालणारे, वाटेंत अडविणारे, आणि केवळ कुरकुर करणारे.

पहिल्या वर्गांत ब्रेक, सुकाणूं, टायर, गंज व धूर हे येतात. ब्रेक दाबतांना गाडी एका बाजूस ओढली जात असेल, किंवा पायाखालील पट्टी हळूहळू खोल जात असेल, तर ती गाडी दुरुस्तीवांचून रस्त्यावर आणूं नये. तळाचा पत्रा, दारांचे उंबरे व चाकांवरील कमानी येथें गंज प्रथम धरतो. कोंकणच्या दमट हवेंत तर विशेष. सतरंजी उचलून पत्रा अंगठ्यानें दाबून पाहावा. इंजिन आसनाखालींच असल्यामुळें त्यावरील झांकणाची रबरी कड फाटली व धुराची नळी गळूं लागली, तर विषारी वायु थेट बसणाऱ्यांच्या नाकांत जातो. लांबच्या प्रवासांत मुलांचें डोकें दुखूं लागलें, तर तो केवळ गाडी लागण्याचा प्रकार समजून सोडून देऊं नये. सरकत्या दाराच्या चाकोऱ्या झिजल्या म्हणजे दार नीट अडकत नाहीं. तेथें मुलें बसत असल्यानें हा दोषहि आम्ही याच वर्गांत घालतों.

दुसऱ्या वर्गांत मुख्य दुखणें इंजिन तापण्याचें. रबरी नळ्या चिरणें, पाण्याचा पंप गळणें, थर्मोस्टॅट अडकणें, पंखा न फिरणें, यांपैकीं कोणतेंहि कारण असूं शकतें. इंजिनाचें डोकें अल्युमिनियमचें असल्यानें तापलेली गाडी तशीच दामटली तर तें वांकतें व मधली गॅस्केट जाते. मग शेंकड्यांचें काम हजारांवर जातें. कांटा वर चढतांच गाडी उभी करावी, व पाण्याचें झांकण इंजिन थंड झाल्यावरच उघडावें. धुराचा रंगहि बोलका असतो : निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे, काळा म्हणजे पेट्रोल अधिक जात आहे, आणि गाडी तापल्यावरहि पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी सिलिंडरांत शिरत आहे. टायमिंगचा पट्टा तुटल्यास इंजिन जागच्या जागीं बंद पडतें. त्याच्या बदलाची नोंद विक्रेत्याजवळ नसेल, तर तो घेतांक्षणीं बदलावा.

तिसऱ्या वर्गांत मागील कमानपाट्यांचें बसणें, गाडी सुटतांना दांड्याच्या सांध्याचा ‘टक्’ असा आवाज, दिवे व तारा येतात. मात्र सांध्याची कुरकुर वर्षभर ऐकून न ऐकल्यासारखी केली, तर ती दुसऱ्या वर्गांत चढते.

आतां खर्च. गांवोगांवीं दर निराळे असले, तरी लहान गॅरेजांतील ठोकळ अंदाज असा धरावा : ब्रेकचें काम १ ते ३ हजार, क्लच ३ ते ६ हजार, बॅटरी ३ ते ५ हजार, चार टायर १० ते १४ हजार, तळाचा पत्रा जोडणें ५ ते २० हजार, आणि इंजिन सबंध उघडून बांधणें २५ ते ४० हजार. म्हणून सौदा ठरवितांना किंमतीशिवाय २० ते ३० हजार रुपये निराळे काढून ठेवावे. ते नसतील, तर गाडी स्वस्त असूनहि परवडणारी नव्हे.

कागदपत्रांची परीक्षाहि यंत्राइतकीच महत्त्वाची. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढें तपासणी होऊन ती ५-५ वर्षांनीं वाढते. हें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० चें ५,००० रुपये झालें, आणि २० वर्षांवरील मोटारींकरितां तें २०२५ सालीं १०,००० करण्यांत आलें. गॅसची टांकी असल्यास तिची नोंद पुस्तकांत आहे ना, हें पाहावें. स्वयंपाकाचा सिलिंडर जोडलेली गाडी तर दारांतहि उभी करूं नये. विकणाऱ्यानेंहि नांव बदलून घेण्याचा आग्रह धरावा. ज्याच्या नांवें नोंद, त्याच्यावर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे.

एक गोष्ट कोणताहि मिस्त्री दुरुस्त करूं शकत नाहीं. या गाडीस हवेच्या पिशव्या नाहींत, आणि पुढें बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढें केवळ पत्रा व कांच. आजीस रुग्णालयांत नेणें, मुलांस शाळेंत पोंचविणें, बाजारहाट, इतक्या कामास मंद गतीनें ती उत्तम सेवा देते. रात्रीच्या वेळीं द्रुतगति मार्गावर आठ माणसें भरून तिला शंभराच्या वेगानें पळविणें मात्र आम्हांस मुळींच मान्य नाहीं. तशा प्रवासास भाड्याची मोठी गाडी करावी. वर्षांतून दोन वेळां पडणारें तें भाडें इंजिनाच्या एका दुरुस्तीहून कमीच भरेल. घरांतील कर्त्या पुरुषानें व गृहिणीनें मिळून एक वही घालावी, तींत प्रत्येक दुरुस्तीचा दिनांक, किलोमीटर व रक्कम लिहावी. ज्या वर्षीं ही बेरीज गाडीच्या विक्रीच्या किंमतीच्या निम्म्याहून पुढें जाईल, किंवा तळाच्या मुख्य तुळयांस गंज पोंचेल, त्या वर्षीं ममता बाजूस ठेवून तिला निरोप द्यावा.