वजन घटवावे की एंजिन वाढवावे?

मुंबईचे दिलीप छाब्रिया यांची ‘अवंती’ ही स्पोर्ट्स मोटार 2012 साली दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात मांडली गेली. विक्रीच्या गाडीचे एंजिन 250 अश्वशक्तीचे, वजन मात्र दीड टनाहून अधिक. ब्रिटनची 1996 सालची ‘लोटस एलिस’ जेमतेम 118 अश्वशक्तीची. पण ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून केलेल्या सांगाड्यामुळे तिचे वजन सुमारे 725 किलो. भागाकार करून पाहा: दोघींनाही टनामागे साधारण 160 अश्वशक्ती!

मग फरक कुठे? दोघी दापोलीहून मुरुडला उतरताहेत असे समजू. 200 मीटर उंची उतरताना अवंतीची सुमारे 30 लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा कमी होते, एलिसची 14 लाख. वेग वाढू द्यायचा नसेल तर ती जिरवायलाच हवी. थोडी हवा, टायर आणि एंजिन जिरवतात. उरलेलीने ब्रेक तापतात. येथे 250 अश्वशक्ती असून उपयोग काय?

वजन घटवण्यासाठी सीटबेल्ट काढणारे महाभागही असतात. त्यांचे सोडून देऊ. आपण चाकांकडे पाहू. चाक पुढे ढकलावे लागते, शिवाय फिरवावेही लागते. म्हणून त्याच्या कडेचा एक किलो वेग वाढवताना जवळजवळ दोन किलोंइतका भारी पडतो.