पेट्रोलचा पाइप आणि जुनी व्हॅन

गोव्यात हरमल-मांद्र्याच्या माडांखाली हंगामात उभ्या राहणाऱ्या कॅम्पर व्हॅनचं कूळ शोधलं तर ते जर्मनीत निघतं. फोक्सवॅगनची टाइप २ ही व्हॅन १९५० साली तयार होऊ लागली. साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पी मंडळी असल्या गाड्यांतून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत गोवा गाठायची. १९७९मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि ती वाट मोडली. व्हॅनचं वेड राहिलं. आपल्याकडची तिची गरीब चुलतबहीण म्हणजे १९८४ची मारुती व्हॅन, पुढची ओमनी. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन. २०१९पर्यंत ती बनत होती. मागची सीट काढून गादी टाकली की झाली कॅम्पर.

दोघींचंही इंजिन माणसाला खेटून असतं. ओमनीत ते पुढच्या सीटखाली, फोक्सवॅगनमध्ये मागे, झोपायच्या फळीखाली. त्या जुन्या व्हॅनमध्ये पेट्रोलची टाकीही इंजिनाच्या शेजारीच. मध्ये फक्त एक पत्रा. अशा गाडीला आग लागली की दोष इंजिनाच्या वयाला दिला जातो. मला तो अन्याय वाटतो. इंजिन बिचारं फक्त गरम असतं. आगीला पेट्रोल पुरवतो तो बहुतेक वेळा रबरी पाइप, किंवा त्याची सैल पडलेली क्लिप.

वरून कापडाचं वेष्टण असलेला जुना पाइप फसवा. आतलं रबर कडक होऊन चिरतं, पण वेष्टणामुळे चीर दिसत नाही. त्या फोक्सवॅगनच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आत घेणारी पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते. हादऱ्यांनी ती ढिली होऊन निसटू शकते. खाली तापलेला सायलेन्सर, शेजारी ठिणग्या पाडणारा डिस्ट्रिब्युटर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती खालीच साचून राहते. त्यात या इंजिनाचं कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं. ते पेटलं तर पाणी मारल्यावर आणखी भडकतं.

गोव्यात यात पावसाळ्याची भर पडते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गाडी ताडपत्रीखाली पडून राहते. खाऱ्या हवेनं क्लिपा गंजतात, उंदीर वायरी आणि पाइप कुरतडतात. हंगाम सुरू होताच नवीन बॅटरी टाकून चावी फिरवली जाते. खाली वाकून कोणी बघत नाही.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयानंही म्हटलं आहे. म्हणून पाइप मागताना नुसतं माप सांगून भागत नाही, इथेनॉल चालणाराच मागावा लागतो. पाण्याचा किंवा हवेचा पाइप तर कधीच नको. त्यात गोव्यातल्या डिचोलीकडे खाणीच्या ट्रकांमुळे गॅरेजवाल्यांचा हात डिझेलवर बसलेला. डिझेल गळलं तर डाग पडतो. पेट्रोल गळलं की लगेच वाफ होते. दुरुस्ती सांगताना हा फरक बोलून दाखवलेला बरा.

नंतर बसवलेला इलेक्ट्रिक पंप हा वेगळा धोका. मूळचा यांत्रिक पंप इंजिनाबरोबर थांबतो. इलेक्ट्रिक पंप, तो आपोआप बंद करणारा स्विच नसेल तर, चावी चालू असेपर्यंत आगीत पेट्रोल ओततच राहतो. म्हणून धूर दिसला की आधी चावी बंद, मग सगळे बाहेर, मग ११२ किंवा १०१. पेडणे आणि डिचोली दोन्हीकडे अग्निशमन केंद्रं आहेत, पण किनाऱ्याकडच्या बोळांतून बंब यायला वेळ लागतो. इंजिनाचं झाकण सताड उघडू नये, हवा मिळताच ज्वाळा तोंडावर येते. किंचित फटीतून अग्निशामकाची पावडर मारावी. आणि ते अग्निशामक नळकांडं चालकाच्या दारापाशी हवं. कित्येक व्हॅनमध्ये ते मागच्या कपाटात, गॅसच्या शेगडीखाली ठेवलेलं असतं.