गळू पुन्हा पुन्हा का होते?

न्यू टाउनमध्ये मे महिना लागला की ओपीडीत गळवांचे रुग्ण वाढतात. कोलकात्याची दमट हवा, घामाने भिजलेले कपडे आणि पट्ट्याखाली घासली जाणारी कातडी, एवढे त्याला पुरते. परवा इथे मुलाकडे राहणारे, मूळचे साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार सहा महिन्यांत चौथ्यांदा आले. आधी मांडीवर, मग काखेत, मग कमरेवर आणि आता परत मांडीवर. "डॉक्टर, आंबा बंद केला, सब्जा पितोय, गुलकंद खातोय, तरी अंगातली उष्णता जात नाही," ते म्हणाले.

गुलकंदाला माझी हरकत नाही. पण केसतूड, करट, गळू ही नावे वेगळी असली तरी बहुतेक वेळा करणी एकाच जंतूची असते, स्टॅफिलोकोकस ऑरियसची. ॲबरडीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑगस्टन यांना 1880 मध्ये पुवात सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षांच्या घोसासारखे जंतू दिसले. ग्रीक भाषेतल्या घोसावरूनच हे नाव पडले. 1885 मध्ये कार्ल गारे या डॉक्टरांनी त्या जंतूंची वाढ स्वतःच्या धडधाकट हातावर चोळली आणि काही दिवसांत तिथे गळवे उठली. त्यांचे रक्त अशुद्ध नव्हते आणि अंगात उष्णताही नव्हती. जंतू केसांच्या मुळाशी पोचला, एवढेच.

मग गळू एकदा बरे झाल्यावर परत का येते? कारण आपण उपचार गळवाचा करतो आणि जंतू राहतो भलतीकडेच. सुमारे तीस टक्के निरोगी माणसांच्या नाकपुडीत तो मुक्काम ठोकून असतो आणि त्यांना काहीच त्रास देत नाही. नाकातून बोटावर, बोटावरून दाढी करताना कापलेल्या जागी किंवा खाजवलेल्या मांडीवर, असा त्याचा प्रवास चालतो. घरात तो टॉवेल, वस्तरा, चादर यांतूनही फिरतो. सुभेदारसाहेबांना मी विचारले, घरात आणखी कुणाला? नातवाच्या गुडघ्यावर पुळ्या होत्या, आणि टॉवेल दोघांचा एकच.

खेळाडूंमध्येही असेच होते. 2003 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस रॅम्स या फुटबॉल संघातल्या 58 पैकी पाच खेळाडूंना औषधांना दाद न देणाऱ्या याच जंतूचे संसर्ग झाले. कृत्रिम गवतावर घसरून जिथे कातडी सोलवटली होती, नेमक्या तिथेच. टॉवेल एकमेकांत वापरणे तिथेही होते. बराकीत राहणाऱ्या कॅडेटांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

पिकलेल्या गळवाचा खरा उपचार म्हणजे डॉक्टरांनी चीर देऊन पू काढणे. नुसत्या गोळ्यांनी साठलेला पू जात नाही, आणि दुकानातून आणलेल्या गोळ्या दोन दिवस घेऊन सोडल्या की चिवट जंतू तेवढे मागे उरतात. पू तपासणीला पाठवला तर कोणते औषध लागू पडेल ते कळते. गळू पुन्हा पुन्हा होत असेल तर ही तपासणी चुकवू नये. रक्तातली साखरही पाहावी. मधुमेहाचा पत्ता कधीकधी गळवावरूनच लागतो. आणखी एक घातक सवय म्हणजे 'सगळ्यावर चालणारे' मलम. त्यात बहुधा स्टिरॉइड असते. लाली उतरते, माणूस खूश होतो, आणि आत जंतूला रान मोकळे मिळते.

दोन्ही काखांत किंवा जांघेत त्याच त्याच जागी गाठी येऊन व्रण राहत असतील, तर तो वेगळा आजार असू शकतो. प्रत्येक काखमांजरी साधी नसते, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

सुभेदारसाहेबांची साखर ठीक निघाली. चीर दिली, आणि घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी पाच दिवसांचा कार्यक्रम दिला: दोन्ही नाकपुड्यांत दिवसातून दोनदा म्युपिरोसिनचे मलम, रोज क्लोरहेक्झिडिनच्या द्रावणाने अंघोळ (डोळे आणि कान वाचवून), रोज धुतलेला टॉवेल, रोज बदललेली चादर. एकट्यानेच केले तर जंतू घरातल्याच दुसऱ्या कुणाकडून परत येतो. हे सारे डॉक्टरांना विचारूनच करायचे. म्युपिरोसिनचा सरसकट वापर केला तर जंतू त्यालाही सरावतो.

कॅडेट 'सिक रिपोर्ट' नको म्हणून गळू लपवतात, हे मला ठाऊक आहे. मांडीवरचे गळू लपवले तर निदान दुखते म्हणून बाहेर येते. नाकावरचे किंवा वरच्या ओठावरचे मात्र पिळू नका, त्याच दिवशी दाखवा. तिथल्या शिरा थेट मेंदूजवळच्या शिरांना मिळतात. सोबत ताप, डोळ्याभोवती सूज किंवा जोराची डोकेदुखी असेल तर सकाळच्या परेडचीही वाट पाहू नये.