वाकांडा नकाशावर कुठे?

'ब्लॅक पँथर' (2018) वर्गात दाखवला, की आपण आधी हेच विचारायचं. उत्तर सोपं आहे, कुठेच नाही. पण त्यातले धागे खरे आहेत. सीमेवरच्या योद्ध्यांची घोंगडी लेसोथोच्या बासोथोंची, खोसा भाषा दक्षिण आफ्रिकेतली, केसांवरचा तांबडा लेप नामिबियातल्या हिंबा स्त्रियांचा. ओठातली चकती इथिओपियातल्या मुर्सींची. तिथे ती स्त्रिया घालतात, चित्रपटात मात्र पुरुषाच्या ओठात दिसते. हजारो किलोमीटर दूरची माणसं एकाच राज्यात! कल्पनेला ती मुभा आहेच. पण हे धागे सुटे केले नाहीत, तर 'आफ्रिका म्हणजे एक देश' हा समज उलट पक्का होतो. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे आपण लोक, देश, भाषा लिहून घ्यायची. मग 54 देशांचा खंड दिसू लागतो.